चुकीचा भार

4 सप्टेंबर 2022 रोजी दुपारी पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. मागच्या सीटवरचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, म्हणून पुढचे कित्येक दिवस देशभर पट्ट्याचीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण गाडी ज्यावर आदळली तो कठडा वाहनांच्या वाटेत आलाच कसा, हे विचारणारे थोडेच निघाले. मुंबईकडे येताना तिथे तीन लेनच्या दोन होत होत्या आणि काँक्रीटचे उघडे टोक वाहनांसमोर उभे होते. पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनीही पुलाच्या रचनेवर बोट ठेवले. पट्ट्याचा प्रश्न प्रवाशांचा, कठड्याचा मात्र या मासिकाच्या वाचकांचा, म्हणजे रस्ता आखणाऱ्यांचा, बांधणाऱ्यांचा आणि तपासणाऱ्यांचा.

पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत एक वाक्य ठरलेले असते: हयगयीने, अविचाराने, भरधाव वाहन चालवून. ते लिहून झाले की रस्त्याची चौकशी तिथेच थांबते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांतले 71 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. वेग खोटा नव्हे. पण ज्या रस्त्याची आखणीच भरधाव जाण्यासाठी केली आहे, त्यावर कडेला 60चा फलक रोवून वेग उतरत नाही, हे फलक रोवणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. एकूण रस्त्यांच्या लांबीत जेमतेम 2 टक्के असलेल्या राष्ट्रीय महामार्गांवर 36 टक्के मृत्यू झाले. वाहतूक तिथे जास्त असते, हे मान्य. पण महामार्गावर येताच माणसे एकाएकी अविचारी होतात, असे तर कोणी म्हणणार नाही.

पुलाचा आराखडा करणारा अभियंता ट्रकवाला वजनाचा नियम पाळेल अशा भरवशावर राहत नाही. तो जादा भार धरतो, शंभर वर्षांत एकदा येणारा पूर धरतो, वर सुरक्षा गुणांक लावतो. ड्रायव्हरला पहाटे तीन वाजता लागणारी डुलकी मात्र कोणत्याच गणितात नसते. खरे तर ती पुरापेक्षा कितीतरी नेमाने येते. स्वीडनच्या संसदेने 1997मध्ये शून्य मृत्यूचे धोरण स्वीकारले ते हेच धरून: माणूस चुकणार, पण त्या चुकीची शिक्षा मरण असता कामा नये. चूक हाही रस्त्यावरचा एक भार आहे आणि तो आराखड्यात धरावा लागतो.

पुण्याचा नवले पूल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. साताऱ्याकडून येणारे वाहन कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की लांबलचक उतार लागतो आणि तो संपतो तो थेट शहराच्या गर्दीत. डिझेल वाचवायला ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतो, एखादा इंजिनही बंद करतो. गिअरमध्ये असताना इंजिन वाहनाला मागे ओढून धरते. न्यूट्रलला ते सुटते आणि सगळे ओझे ब्रेकवर येते. ब्रेक तापतात, त्यांची पकड जाते. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसरही बंद. मग ड्रायव्हर जितक्या वेळा पेडल दाबेल तितका टाकीतला हवेचा दाब उतरत जातो. खाली सिग्नलला, बसथांब्याला माणसे उभी असतात. 20 नोव्हेंबर 2022च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे अनेक वाहनांना धडक दिली. 13 नोव्हेंबर 2025ला पुन्हा मोठा अपघात होऊन माणसे दगावली.

दर वेळी बातमी एकच: ब्रेक फेल. या उतारावर न्यूट्रलचा मोह होतो, हे आता गृहीतच धरायला हवे. मग प्रश्न असे उरतात: वाहन उतारावर येण्याआधीच त्याचा वेग बांधता येईल का, सुटलेल्या ट्रकला शिरायला वाळू-खडीची चढती लेन कुठे बसेल, लांब पल्ल्याची आणि शहरातली वाहतूक वेगळी काढता येईल का. हे प्रश्न अभियंत्याचे आहेत. चौकातल्या हवालदाराकडे त्यांचे उत्तर नाही.

उत्तर मिळू शकते याचा दाखला फार लांब नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 94.5 किलोमीटरचा, 2016मध्ये त्यावर 151 बळी गेले. त्या वर्षी सेव्ह लाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून काम हाती घेतले. मार्गाची इंच इंच पाहणी झाली. कडेचे उघडे खांब आणि खडक बॅरियरने झाकले. माशाच्या शेपटीसारखी फाकलेली बॅरियरची पत्र्याची टोके तर रक्षणासाठी लावलेली, पण समोरून आदळले तर गाडीत भाल्यासारखी घुसणारी. त्यांचाही बंदोबस्त करावा लागला. कडेला थांबणाऱ्या ट्रकवर नजर आणि जखमींना लवकर मदत, हेही कामाचाच भाग होते. 2020मध्ये बळींचा आकडा 66 झाला. टाळेबंदीच्या वर्षात वाहनेच कमी होती, हे त्यातून वजा करावे लागेल. पण घट त्याआधीच सुरू झाली होती.

समृद्धी महामार्गावर 1 जुलै 2023च्या मध्यरात्री बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. नंतर सरळसोट रस्त्याने येणाऱ्या गुंगीवर बरेच लिहिले गेले. महामार्ग खुला झाला तेव्हा शेकडो किलोमीटरमध्ये धड चहा प्यायला थांबायचीही सोय नव्हती, याकडे मात्र निविदांच्या घाईत कोणाचे लक्ष गेले नाही.

कायद्याने आता अभियंत्यालाही हिशेबात धरले आहे. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने 198-अ हे कलम आले. रचनेचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर प्राधिकरण, ठेकेदार आणि सल्लागार यांना 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कामापुढे ही रक्कम किरकोळच. खरी अडचण त्याआधीची आहे. सुरक्षा तपासणी होते, अहवाल येतो, बाइंडिंग झकास असते, अनुपालनाच्या रकान्यात ‘नोंद घेतली’ असे येते आणि ठेकेदाराचे अंतिम बिल निघते.

आणि गावाजवळचा तोडलेला डिव्हायडर. अहवालात तो ‘अनधिकृत छेद’ असतो. खाते दगड लावून तो बंद करते, आठवड्यात दगड बाजूला झालेले असतात. शेत पलीकडे, गाव अलीकडे आणि भुयारी मार्ग दीड किलोमीटरवर, तोही पावसात गुडघाभर पाण्यात. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई तीन किलोमीटरचा वळसा घालणार नाही. तिने कुठून ओलांडायचे, हे आराखडा मंजूर होण्याआधी सकाळी सात ते दहा तिथे उभे राहून, वही-पेन्सिल घेऊन मोजता येते.