जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपला आणि धडधाकट संगणकही मोडीत काढण्याची भाषा सुरू झाली. हा अपव्यय टाळता येईल. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सवरील उबुंटू, डेबियन या प्रणाली विनामूल्य मिळतात. अशी प्रणाली प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून छपाईयंत्र व देवनागरी टंकलेखन तपासावे. बसविताना जुना मजकूर पुसला जाऊ शकतो. म्हणून त्याची प्रत आधी अन्यत्र ठेवावी. पुढे सुरक्षा-सुधारणा नियमित घ्याव्यात.

अर्थात, विनामूल्य म्हणजे विनाखर्च नव्हे; प्रशिक्षणावर पैसा लागेलच. केरळच्या सरकारी शाळांनी तो केला. परवान्याचा पैसा बाहेर जातो; प्रशिक्षणाचा मात्र आपल्याच माणसांच्या अंगी मुरतो. संस्थाचालकांनी याचा विचार करावा.