जपानी शिकवायची? आधी मराठीचं कारक काढा!

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, हे वाक्य वाचा: ‘धाराशिव कारा तुळजापूर मादे बासु दे इकिमासु.’

घाबरू नका. ‘कारा’ म्हणजे हून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘दे’ म्हणजे ने. धाराशिवहून तुळजापूरपर्यंत बसने जातो. शब्दांचा क्रमही तोच, क्रियापदही शेवटी! हेच वाक्य आपण इंग्रजीवरून शिकवतो तेव्हा पोरांना ते दोनदा उलटं करावं लागतं. कशासाठी हा वळसा?

संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी शिकायला लागली, रोबोटिक्सच्या ओढीनं. म्हणजे ही भाषा आता पुण्यापुरती राहिलेली नाही. आपल्याकडचे पालक मात्र विचारतात, “सर, व्याकरण कशाला? बोलायला शिकवा की.” त्यांचं अर्धं खरं आहे. नुसते तक्ते पाठ करून कुणी बोलत नाही.

पण एक चूक बघा. ‘बसने’साठी ‘बासु दे’ शिकलेला मुलगा ‘रामाने पुस्तक वाचले’ याचं ‘राम दे’ करतो. चूक त्याची नाही, आपली. आपण त्याला ‘ने म्हणजे दे’ असं विभक्तीवरून सांगितलं. दोन्हीकडे तृतीयाच आहे, पण बस हे करण आहे आणि राम कर्ता! जपानीत कर्त्याला ‘दे’ लागत नाही: ‘राम वा होन ओ योमिमाशिता.’ म्हणून प्रत्यय बघू नका, क्रियापदाला प्रश्न विचारा. वाचणारा कोण? काय वाचलं? ‘काय’चं उत्तर ते कर्म, त्याला ‘ओ’. मराठीत ‘पुस्तक’ला इथं प्रत्यय नाही, म्हणून पोरं हा ‘ओ’ हमखास गाळतात.

‘शाळेत’ जरा अवघड जातं. ‘शाळेत आहे’ याला ‘नि’, ‘शाळेत वाचतो’ याला ‘दे’. दोन्ही अधिकरणच, मग इथं कारकही पुरत नाही. नुसतं असणं की काही करणं, हे पुन्हा क्रियापदालाच विचारायचं.

बरं, एक सुखही आहे. तो जातो, ती जाते, ते जातात, सगळ्यांना एकच ‘इकिमासु’. हे सांगितलं की वर्ग खूश!

राहिला ‘वा’. तो कर्त्याचा प्रत्यय नव्हे, कशाबद्दल बोलतोय ते सांगणारा. मी सध्या ‘तर’ लावून भागवतो: ‘मी तर तुळजापूरला जातो.’ आपल्या ‘तर’मध्ये जोर जास्त येतो, तेवढं मुलांना बजावून सांगतो. तुम्ही वर्गात काय वापरता, जरूर कळवा.