भोंगा बंद करा, पण आधी फाटक सांभाळा

परवा रेल्वे फाटकाजवळच्या वस्तीतील चार मंडळी दवाखान्यात आली. आजारी कोणीच नव्हते. हातात निवेदन होते : रात्रीच्या वेळी फाटकावर गाडीचा भोंगा बंद करावा. त्यावर डॉक्टर म्हणून माझी सही हवी होती.

तक्रार खोटी नाही. याच वस्तीतल्या एका आजींचा रक्तदाब गोळ्या वाढवूनही आटोक्यात येत नाही. चौकशी केली तेव्हा कळले, रात्रीतून तीन-चार वेळा दचकून उठतात. झोपमोड हेच एकमेव कारण असे मी म्हणणार नाही. पण ‘आता सवय झाली’ हे लोकांचे म्हणणेही खरे नव्हे. सवय कानाला होते, हृदयाला पुरती होत नाही. जाग आली नाही तरी आवाजासरशी नाडी वाढते, रक्तदाब चढतो. आपल्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. भोंगा त्याच्या कितीतरी वर.

तरीही मी लगेच सही केली नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हेच झाले होते. १९८४ साली तेथे कायदा झाला आणि दांडा, दिवे, घंटा असलेल्या फाटकांवर रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद ठेवण्याची मुभा गावांना मिळाली. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेच्या मार्गावरील अनेक गावांनी ती घेतली. पुढे १९९० मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनाने हिशेब केला, तर अशा फाटकांवर रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झालेले! १९९१ मध्ये तातडीचा हुकूम निघाला आणि भोंगे पुन्हा सुरू झाले.

मग तिथल्या लोकांनी नाद सोडला का? नाही. २००५ पासून तेथे ‘शांत पट्टा’ मागता येतो. मात्र गावाने आधी फाटक पक्के करायचे : रस्ता पूर्ण अडवणारे चार दांडे, किंवा वळसा घालून कोणी घुसू नये म्हणून दुभाजक, नाहीतर ते फाटकच कायमचे बंद. समोर धोका दिसला तर चालक तेव्हाही भोंगा वाजवू शकतो.

आता आपले पाहा. दांडा पडला की सायकल आडवी करून खालून निघणारे कोण? आपणच. (त्यांत माझे काही रुग्णही आहेत, आणि ते चांगले शिकलेले आहेत.) अशा ठिकाणी ‘सी/फा’ची पिवळी पाटी दिसल्यावर चालकाने शिट्टी न देऊन कसे चालेल?

म्हणून मी मंडळींना सुचवले, निवेदनात भुयारी मार्ग मागा. पावसाळ्यात ज्याचे तळे होणार नाही असा. तो झाला, फाटक उठले, की तिथे भोंग्याचे कारणच उरत नाही. तोवर खाट रुळाकडच्या भिंतीपासून हलवा, त्या बाजूची खिडकी रात्री लावून दुसरीकडची उघडा. आणि फाटक ओलांडताना कानात इअरफोन मुळीच नको.

मंडळी जरा नाराज झाली, पण नवे निवेदन लिहून आणतो म्हणाली. त्यावर सही करीन. आजींना खाट हलवून बुधवारी रक्तदाब दाखवायला बोलावले आहे.