हॉकीला महाराष्ट्रात मार्केट नाही म्हणणाऱ्यांसाठी

२६ जानेवारी २०२५. रांची. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगची फायनल. ओडिशा वॉरियर्सने सूरमा हॉकी क्लबला २-१ हरवलं. ओडिशाचे दोन्ही गोल एकाच पोरीचे. नाव ऋतुजा पिसाळ, जिल्हा सातारा.

पोरगी आपली, कप ओडिशाचा. कारण सरळ आहे. त्या मोसमात पुरुषांचे आठ संघ होते, महिलांचे चार. बारापैकी महाराष्ट्राचा एकही नाही.

पुढची गंमत बघा. दुसऱ्या मोसमात तो विजेता ओडिशा वॉरियर्सच यादीतून गेला. महिलांच्या चार संघांत नवीन नाव आलं, रांची रॉयल्स. पुरुषांत विशाखापट्टणमचा गोनासिका गेला, तिथंही रांची रॉयल्स. यूपी रुद्राजने माघार घेतली, तेव्हा लीगच्या गव्हर्निंग कौन्सिललाच स्वतःचा संघ उतरवावा लागला. एका वर्षात तीन जागा हलल्या. उद्या अजून एखादी हलेल आणि मालक नवीन गाव शोधायला निघेल. तेव्हा पुण्याचं नाव कुणी काढलं की हे वाक्य ठरलेलं आहे: "महाराष्ट्रात हॉकीला मार्केट नाही."

ठीक आहे, हिशोबच करू.

२००५ ते २००८, प्रीमियर हॉकी लीग: मराठा वॉरियर्स. २०१२, वर्ल्ड सिरीज हॉकी: पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स. २०१३-१४, हॉकी इंडिया लीग: मुंबई मॅजिशियन्स. २०१५ ते २०१७: दबंग मुंबई. बारा वर्षांत पाच संघ, आज एकही जिवंत नाही. वरवर बघितलं तर मार्केट नाही हे सिद्धच झालं म्हणायचं.

पण हे संघ मेले कशानं ते विचारा ना. मराठा वॉरियर्स पहिला अख्खा मोसम हैदराबादला खेळले. पुणे स्ट्रायकर्स तर फायनलला गेले होते, शेर-ए-पंजाबकडून हरले, आणि ती लीगच एका मोसमात गुंडाळली. मुंबई मॅजिशियन्सच्या पहिल्याच मोसमात सीमेवरच्या तणावामुळं लीगमधले नऊ पाकिस्तानी खेळाडू परत पाठवावे लागले, त्यात मुंबईचेही होते. मैदानावर आंदोलनं झाली ती वेगळीच. दबंग मुंबई २०१७ ला फायनलला पोचली, कलिंगा लान्सर्सकडून ४-१ हरली, आणि त्यानंतर लीग जी बंद पडली ती थेट डिसेंबर २०२४ ला उघडली. दोनदा आपला संघ फायनलला गेला आणि दोन्ही वेळा त्यानंतर दुकानाचं शटरच खाली आलं. मग गिऱ्हाईक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणता?

आणि गिऱ्हाईक म्हणजे तरी काय? पुन्हा सुरू झालेल्या लीगचा पहिला मोसम राउरकेला आणि रांची या दोनच गावी झाला. हैदराबाद तूफान्स फायनलला गेले, हैदराबादकरांना घरच्या मैदानावर एकही मॅच बघायला मिळाली नाही. नावापुढं शहर लावायचं, जर्सी छापायची, मॅच हजार किलोमीटरवर खेळायची आणि मग म्हणायचं की शहरानं साथ दिली नाही. दुसऱ्या मोसमात चेन्नई आणि भुवनेश्वर आले, तेवढी सुधारणा मान्य.

लगेच कुणीतरी म्हणणार, "ओडिशा सरकारनं केलं तसं आपल्या सरकारनं करावं. संघ विकत घ्या, स्टेडियम बांधा." इथंच माझं भांडण आहे. ओडिशानं पैसा ओतला हे खरं. २०१८ पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजक तेच, राउरकेल्याला वीस हजारांवर प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं. पण सुंदरगड जिल्ह्यात हॉकी आधी होती, स्टेडियम नंतर आलं. दिलीप तिर्की, लाझारस बार्ला, अमित रोहिदास त्याच जिल्ह्यातले. स्टेडियमची नक्कल सोपी आहे, सुंदरगडची नाही.

नुसती इमारत बांधून काय होतं ते बघायचं तर बर्फावरच्या हॉकीकडं बघा. तिथं संघांची गावं बदलणं हा नेहमीचा धंदा आहे. कॅनडातल्या विनिपेगचा संघ १९९६ ला उचलून अमेरिकेतल्या फिनिक्सला नेला. फिनिक्सशेजारच्या ग्लेनडेलनं त्यांच्यासाठी सार्वजनिक पैशातून बंदिस्त स्टेडियम उभं केलं, पण ते महानगराच्या पश्चिमेला आणि तिकीट काढणारे बरेचसे पूर्वेला. पुढं संघ टिकावा म्हणून त्या नगरपालिकेनं लीगला दोन वर्षं दरवर्षी अडीच कोटी डॉलर मोजले. तरी संघ राहिला नाही. नंतर टेम्पी गावात नवीन स्टेडियमचा घाट घातला, तिथल्या मतदारांनी मे २०२३ मध्ये मतदानानं तो फेटाळला. २०२४ ला संघ सॉल्ट लेक सिटीला गेला. तिकडं कॅनडात क्युबेक सिटीनं सार्वजनिक पैशातून अठरा हजार खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं, २०१५ ला उघडलं. एनएचएलचा संघ अजून आलेला नाही.

पण त्याच फिनिक्सच्या शेजारी स्कॉट्सडेलला एक पोरगा हा संघ बघत मोठा झाला. ऑस्टन मॅथ्यूज. २०१६ च्या निवडीत पहिला क्रमांक. वाळवंटातला पोरगा! संघ गेला, पण खेळ मागं राहिला. कारण पोरांना खेळायला जागा होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: संघ आज आहे, उद्या नाही. टर्फ राहतं. जनतेचा पैसा टर्फवर घाला, संघावर मालकानं घालावा. आणि संघ तिथंच न्या जिथं पोरं आधीपासून स्टिक धरतात.

मुंबईकर मित्र चिडतील, पण पुढचा संघ मुंबईला नको. चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम शहराच्या टोकाला. ऑफिस सुटल्यावर बोरिवली-ठाण्याचा माणूस घराकडं पळणार की मॅचला थांबणार? ग्लेनडेलचीच गोष्ट, फक्त लोकलची गर्दी जास्त.

पुण्याचं बघा. खडकीनं धनराज पिल्ले दिला. तिथंच बॉम्बे सॅपर्सची हॉकीची जुनी परंपरा. पिंपरीच्या नेहरूनगरला पॉलिग्रास मैदान आहे, २०२१ ची वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तिथंच झाली. बालेवाडीचं क्रीडासंकुल आहेच. सातारा जिल्ह्यातल्या पोरी गावाकडून येऊन देशासाठी खेळतात, त्यांना सगळ्यात जवळचं मोठं शहर हेच. मार्केट मार्केट म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

पण कुणी मालक आला तर हार घेऊन पळू नका. आधी चार गोष्टी कागदावर घ्या.

१. किमान निम्म्या "घरच्या" मॅच खरोखर घरी. जमत नसेल तर आमच्या शहराचं नाव जर्सीवर लावायचं नाही.

२. महापालिकेचं मैदान वापरायचं तर भाडं भरायचं, आणि सकाळची वेळ शाळा-क्लबच्या पोरापोरींसाठी राखीव. लीग चालू असतानाही.

३. पुरुषांचा संघ आणायचा तर महिलांचाही आणायचा. आपली ताकद आज पोरींमध्ये जास्त दिसतेय.

४. मध्येच सोडून गेलात तर ठेव जप्त, आणि तो पैसा टर्फच्या दुरुस्तीला.

या अटींवर कुणी येत नसेल तर न येऊ दे. संघाविना वर्षं काढलीत, अजून काही काढू. पण नेहरूनगर-बालेवाडीच्या टर्फची निगा, शाळांना स्टिका, गावाकडच्या पोरींच्या राहण्या-खाण्याची सोय, यासाठी कुठल्याही मालकाची वाट बघायची गरज नाही. निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना हे विचारा. "आयपीएलसारखं काहीतरी आणू" म्हणाले तर त्यांना सांगा, आधी मैदानाला पाणी मारायची सोय करा. कोरड्या टर्फवर हॉकी होत नाही.

नाही पटलं तर कमेंटमध्ये मुद्द्याला मुद्दा द्या. फक्त "मार्केट नाही" हे वाक्य परत नको.