खाज थांबली, आजार गेला का?

मुलाच्या कोपरात, गुडघ्यामागे खाज सुटली की मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणली जाते. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. लाली उतरते, पण ते गजकर्ण असेल, तर बुरशी पसरतच राहते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्राने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

एक्झिमात त्वचा ओलावा धरून ठेवत नाही. खाजवून झालेल्या जखमांतून जंतू शिरतात. त्यामुळे कोमट पाण्याने झटपट अंघोळ, अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर, कापलेली नखे हा नेम पुरळ गेल्यावरही रोज हवा. पिवळी खपली, पू किंवा ताप दिसल्यास डॉक्टरांकडेच जावे. त्यांनी तपासून दिलेले स्टेरॉइड औषध ठरते. अंदाजाने लावलेले दुखणे लांबवते.