यानातला भद्रेश्वर

एकांकिका स्पर्धांचे दिवस आले की सातारा-सांगलीतल्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात कुणीतरी म्हणतंच, 'यंदा सायन्स फिक्शन करूया!' मंगळावरची वसाहत, चंदेरी कपडे, निळा लाइट. हिरो-हिरॉइन ठरतात. उरतो तो कारस्थानी. त्याला दोन एंट्र्या, एक गडगडाटी हास्य आणि ब्लॅकआउट. झालं!

नाटक नेमकं तिथंच फसतं. १९६५ मध्ये 'लॉस्ट इन स्पेस' ही अमेरिकन मालिका आली. रॉबिन्सन कुटुंब दुसऱ्या ताऱ्याकडे वसाहत करायला निघतं. डॉ. स्मिथ नावाचा माणूस यान निकामी करायला रोबोटमध्ये गडबड करतो आणि स्वतःच त्या यानात अडकतो! तो भित्रा, आळशी, घरी परत जायला कासावीस झालेला. प्रेक्षकांना हाच लक्षात राहिला. कारण असा माणूस त्यांनी पाहिलेला होता.

आपल्याला तर तो बघायला अंतराळात जायचीही गरज नाही. सांगलीशेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्येच 'संगीत शारदा'त त्याला उभा केलाय. भद्रेश्वर दीक्षित, लग्न जुळवणारा दलाल. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला नवरी हवी, कांचनभटाला पैसा हवा. या दोन हावरटांची गाठ घालून देतो तो भद्रेश्वर. त्याची भूमिका छोटी, पण तो नसता तर शारदेवर ती वेळच आली नसती.

आता त्याला मंगळावर न्या. तिथं हवा मोजून, पाणी मोजून. वसाहतीचा कारस्थानी हातात लेझर गन घेणार नाही. तो ऑक्सिजनच्या रजिस्टरमधला एक आकडा बदलेल. पकडला गेला तर म्हणेल, 'मी फक्त वरचा निरोप खाली दिला.'

ओळखीचं वाटतंय ना? ग्रुपवरचा स्क्रीनशॉट गुपचूप दुसरीकडे पाठवणारा. दोन मैत्रिणींना वेगवेगळं सांगणारी. 'मी कुठं काय केलं?' हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय. गावात ते खपून जातं, कारण गाव मोठं असतं. पण २०१९ च्या महापुरात सांगलीला पाण्यानं वेढलं, तेव्हा कळलं की अडकलेल्या माणसांना मधल्या माणसाचाच आधार असतो. निरोप नीट पोचवणारा, आलेलं सामान पुढं देणारा. त्याच जागी भद्रेश्वर बसला तर?

म्हणून यंदा लिहाल तेव्हा या छोट्या पात्राला खरं कारण द्या, खरी भीती द्या. आणि रोल ग्रुपमधल्या सगळ्यात चांगल्या नटाला द्या. प्रेक्षकाला त्याचा राग आलाच पाहिजे. पण घरी जाताना त्यानं स्वतःचा मोबाइलही एकदा उघडून बघावा, इतकं जमलं तरी बक्षीस मिळालंच म्हणायचं.