व्हिनेगरचे चार थेंब

ऑकलंडला मी शनिवारी सकाळी कुंभारकाम शिकायला जातो. मागच्या महिन्यात वाडग्यावर वेल काढायची होती. मेंदीच्या कोनासारख्या रबरी पिचकारीतून स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, सोडायची. वेल काढायला गेलो, झाला ओघळ!

पीठ सैल झालं की आपण आणखी पीठ घालतो, म्हणून मी माती आणायला उठलो. शिकवणाऱ्या आजींनी आधी वजन करायला लावलं. १०० मिलिलिटर पाणी म्हणजे १०० ग्रॅम. माझी स्लिप १५० भरली. "माती पुरेशी आहे," असं म्हणून त्यांनी व्हिनेगरचे चार थेंब टाकले आणि ढवळलं. बघतो तर ताकाचं दही!

खरं तर मला लाज वाटायला हवी, कारण माझी पीएचडीच द्रवात तरंगणाऱ्या कणांवर. मातीचे कण चपटे, त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार. ते एकमेकांना ढकलतात, म्हणून घोळ वाहता राहतो. आम्लामुळे कडांवर धन भार येतो, कडा पृष्ठभागांना चिकटतात, पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना होते आणि घोळ दाटतो. एप्सम सॉल्टनेही दाटतो. उलट थोडं सोडियम सिलिकेट घातलं की तोच घोळ पाणी न वाढवता पातळ होतो. नुसतं पाणी ओतत गेलं तर वाळताना माती जास्त आकसते, नक्षीला तडे जातात, पोपडे सुटतात. थोडक्यात, वजन सांगतं माती किती आहे. वाहणं सांगतं कणांचं आपसात कसं पटतंय.

हे सगळं मला पाठ होतं. पण बादलीपुढे सुचलं नाही. आजींना भार-बिर माहीत नाहीत, पण त्यांच्याकडे प्रत्येक बादलीची वही आहे: वजन, थेंब, परिणाम. माती बदलली की आकडे बदलतात, म्हणून ही वही पुस्तकात मिळत नाही.

इथल्याच न्यू लिन भागात क्राउन लिन हा भांड्यांचा मोठा कारखाना होता. आयातीवरचे निर्बंध सैल झाल्यावर तो स्वस्त परदेशी मालापुढे टिकला नाही, १९८९ साली बंद पडला. त्याची भांडी, साचे आता संग्रहालयात आहेत. बोटांना जे कळत होतं ते कपाटात कसं ठेवणार?

आपल्याकडे कुंभारकाकांना विचारा, "हाताला कळतं" म्हणतील. कळतंच. पण त्यांची मुलं चाकावर बसत नाहीत, आणि आम्ही इंजिनिअर मातीला हात लावत नाही. माझं मत विचाराल तर प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजने वर्षातून आठवडाभर एका कुंभाराला शिकवायला बोलवावं. प्रदर्शनात चाक फिरवून दाखवायला नव्हे, रीतसर मानधन देऊन, शिक्षक म्हणून. मुलांनी वजन करावं, वही लिहावी, नि वहीवर पहिलं नाव त्यांचं घालावं.

असो. वाडगा सुकतोय. वेल अजून तरी जागेवर आहे.